ओल्या फडक्यातलं शेत

मटकीची पुरचुंडी सकाळी मुलाच्याच हातून सोडायची. या प्रकरणात पुढे वाट्या, करवंट्या, पेले, चांदीचे कागद असं बरंच सामान येणार आहे, पण सुरुवात या गाठीपासून करा.

लालबागच्या आमच्या खोलीत ती पुरचुंडी मोरीवरच्या खिळ्याला टांगलेली असायची. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, एक पलंग आणि पलंगाखाली आजीच्या खानावळीचे डबे. गिरणीतली बारा-पंधरा माणसं आजीकडे जेवायची, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी उसळ ठरलेली. घरात माती होती ती फक्त गॅलरीतल्या तुळशीच्या डब्यात. तरी दर दोन-तीन दिवसांनी आमच्याकडे काहीतरी उगवलेलं असायचं. गाठ सोडायला आजी मला बसवायची आणि म्हणायची, "आधी हात घाल गं आत, मग बघ." फडकं बाहेरून गार. आत, दाण्यांच्या मधोमध बोटं गेली की ऊब लागायची, अंगात कणकण असलेल्या माणसाचा हात धरल्यासारखी. आजी रात्री उठून कोमट पाणी ओतत असणार, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

ती ऊब मटकीची स्वतःची. डब्यातला कोरडा दाणा मेलेला नसतो, पण त्याचा श्वास इतका मंद असतो की असून नसल्यासारखा. त्याच्या अंगात शेकडा दहा-बारा भागच पाणी असतं. भिजल्यावर तो भराभर श्वास घेऊ लागतो, साठवलेलं पिष्ट जाळू लागतो आणि जळण आलं की उष्णता आलीच. आपलं अंग गरम राहतं तेही याच हिशेबाने. मुलांना हे आकड्यात दाखवायचं असेल तर दोन थर्मास घ्या. एकात मोड येऊ लागलेले मूग, दुसऱ्यात तेवढेच मूग उकडून, गार करून. तोंडाला बूच न लावता कापूस लावा, कारण दाण्यांना हवा लागते. कापसातून तापमापी आत सोडून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींतला फरक मुलं स्वतः वाचतील. मात्र प्रयोग तिथेच थांबवा. उकडलेले मूग त्यापुढे ठेवले तर आंबतील, आंबतानाही उष्णता निघते आणि मग कोणती ऊब कोणाची ते कळेनासं होतं.

मुंबईत मुलांबरोबर काही पेरू या म्हटलं की पहिलं उत्तर येतं, "आमच्याकडे जागा कुठे आहे?" गिरगावात राहणाऱ्यांच्या पत्त्यात खेतवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट अशी नावं असतात. इकडे लालबागेत बाग आहे, शेजारी चिंचपोकळीत चिंच आहे. नावांत एवढी शेती आणि झाडं, आणि कुंडीला मात्र खिडकीचा कठडाही मोकळा नाही. म्हणूनच ही गोष्ट मला घरोघरी जाऊन सांगावीशी वाटते: बी रुजायला शेत लागत नाही. माती लागत नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या बहुतेक दाण्यांना उजेडही लागत नाही. पाणी, हवा आणि ऊब या तीन गोष्टी पुरतात. प्रत्येक दाणा घरून शिदोरी बांधून निघालेला असतो. माती आणि ऊन लागतं ते ती शिदोरी संपत आल्यावर. तोपर्यंतचा सगळा प्रवास दहा बाय बाराच्या खोलीत होऊ शकतो, आणि खरी गंमत तर तेवढ्यातच घडते.

ही शिदोरी बघायची तर वाल घ्या. मूग आणि मटकी खूप बारीक. वाल मुलांच्या बोटांना झेपतो. ज्यांच्या घरी वालाचं बिरडं होतं तिथे तर वेगळी तयारीसुद्धा नको. रात्री भिजत घातलेले वाल दुसऱ्या दिवशी उपसून बांधायचे आणि मोड आले की पुन्हा कोमट पाण्यात टाकून सोलायचे. सोलायला घरातली सगळी मुलं ताटाभोवती बसतात. सालाला एका टोकाशी चिमटा दिला की डाळिंबी सुळकन निसटते, कधी समोरच्याच्या मांडीवर जाऊन पडते. ते काम चालू असताना चार वाल बाजूला काढा आणि भिंग द्या.

आधी एक भिजलेला, न सोललेला वाल. त्याच्या कडेला जाड पांढरी रेघ दिसेल. शेंगेला तो जिथे चिकटलेला होता ती ही जागा, वालाची बेंबी म्हणा. शेंगेतून त्याला मिळालेलं सगळं अन्न इथून आत आलं. दाणा पुसून कोरडा करा आणि दोन बोटांत हलकेच दाबा. रेघेच्या टोकाजवळ पाण्याचा टिपूस येईल. तिथे टाचणीच्या टोकाहूनही बारीक भोक असतं आणि भिजताना पाणी आत शिरायच्या वाटांपैकी ती एक. एकदा टिपूस दिसला की मुलं पुढचे वीस वाल दाबून बघतात. बघू द्या.

आता साल काढा. वाल दोन भागांत उघडतो. या दोन डाळी म्हणजे बीजपत्रं, म्हणजेच शिदोरी. 'द्विदल' हा शाळेतला शब्द आणि स्वयंपाकघरातली 'डाळ' हे एकाच घरचे शब्द आहेत, हे मुलांना तिथेच ताटाशी सांगावं. डाळी जिथे जोडलेल्या असतात तिथे कडेला एक छोटं शेपूट असतं, ते आदिमूळ. मोड म्हणून आपण ज्याला ओळखतो ते हेच. त्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन डाळींच्या मध्ये दडलेली, घडी घातलेली दोन पानं असतात. नखाएवढीही नाहीत, पण भिंगातून त्यांच्या शिरासुद्धा दिसतात. मुलांना वाटत असतं की पानं पुढे कधीतरी तयार होणार. ती आधीपासून आत घडी होऊन बसली आहेत, हे पाहिल्यावर सात वर्षांचं मूल थोडा वेळ गप्प होतं. मी ते अनेकदा पाहिलं आहे.

जवळपास प्रत्येक दाणा आधी मूळच बाहेर काढतो, पान नाही. पाण्याची सोय झाल्याशिवाय बिऱ्हाड हलवायचं नाही, अशी त्याची रीत. आणि मूळ खालीच जातं. त्यासाठी काचेचा पेला घ्या, आतून टिपकागद किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र गोल लावा, तळाशी बोटभर पाणी ठेवा, आणि काच व कागद यांच्यामध्ये भिजलेल्या चवळीचे चार-पाच दाणे अडकवा. एक उभा, एक आडवा, एक उलटा. दाणा कसाही ठेवला तरी मूळ वळून खाली निघतं. ते इंचभर झालं की पेला आडवा करून ठेवा, पाणी मात्र चमच्याने घालत राहा. दुसऱ्या दिवशी मुळाने काटकोनात वळण घेतलेलं असेल. इंग्लंडमधल्या थॉमस नाइट यांनी १८०६ साली पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधून हाच प्रश्न सोडवला होता. चाक वेगाने फिरत राहिलं तेव्हा मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली आणि कोंब आतल्या बाजूला. मूळ ओल शोधत खाली जात नाही, ते ओढीच्या दिशेने जातं, आणि एरवी ती ओढ पृथ्वीची असते, हे त्यातून दिसलं. मुळाच्या टोकाशी काही पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. पेला आडवा केला की ते पेशीच्या नव्या तळाशी घरंगळतात, आणि खाली कुठे ते मुळाला कळतं.

पुरचुंडी सोडल्यावर आजी दुसरं काम द्यायची ते गणंग वेचायचं. मटकीत, मुगात चार-दोन दाणे असे असतातच की रात्रभर भिजूनही खड्यासारखे टणक राहतात. ते फुगत नाहीत, शिजत नाहीत, आणि दाताखाली आले की जेवणाऱ्याचा जीव जातो. गणंग म्हणजे वाया गेलेला दाणा, असं आम्ही धरून चाललो होतो. पण तो जिवंत असतो. त्याचं साल इतकं घट्ट मिटलेलं असतं की पाणी शिरत नाही. रानातल्या वेलीला हे सोयीचंच होतं. सगळ्या बिया पहिल्याच सरीला रुजल्या आणि नंतर पावसाने दडी मारली तर वंशच संपला. काही दाणे वर्ष-दोन वर्षं मातीत तसेच पडून राहिले, तर पुन्हा संधी असते. माणसाने निवड करत करत शेतातल्या वाणांतून हा गुण बराच कमी केला, पण पुरता गेलेला नाही. वेचलेले गणंग टाकू नका. निम्मे तसेच ठेवा. उरलेले मुलाला मोरीच्या खडबडीत फरशीवर दोन-तीनदा घासायला सांगा, बेंबीची बाजू सोडून, सालाला जरासा ओरखडा येईल इतपतच. दोन्ही वाट्या भिजत घाला. दुसऱ्या सकाळी घासलेले फुगलेले दिसतील. मे महिन्यात राणीच्या बागेतून किंवा पाच उद्यानांतून मुलं गुलमोहराच्या लांब शेंगा तलवारी म्हणून घेऊन येतात. त्यातल्या बियांनाही हाच उपाय.

आता तीन गरजांची परीक्षा. पाच वाट्या, प्रत्येकीत दहा-दहा मूग. पहिलीत कोरडे. दुसरीत ओल्या फडक्यावर. तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवून. चौथी दुसरीसारखीच, पण फ्रिजमध्ये. पाचवीही दुसरीसारखीच, पण झाकणाच्या डब्यात, अंधारात. वाट्यांवर काय लिहायचं ते मुलांनी ठरवावं, आणि काय होईल याचा अंदाजही त्यांनीच आधी कागदावर लिहावा. बहुतेक मुलं लिहितात की अंधारातले उगवणार नाहीत. ते उगवतात, उजेडातल्यांइतकेच. फ्रिजमधले अडून बसतात. बुडालेले फुगतात, एखादा मोड डोकावतोही, आणि मग वास सुटतो. पाण्यात विरघळलेली हवा थोडी असते आणि ती दाणे लवकरच संपवतात. आजी भिजल्यावर लगेच पाणी उपसायची, ते यासाठी. भात मात्र याला अपवाद. भाताचा कोंब पाण्याखाली हवा नसतानाही लांब होत जातो आणि पृष्ठभागाशी पोचून श्वास घेतो. कोकणात मोड आणलेलं भात चिखलावर फेकून रहू करतात. ज्यांचं गाव तिकडे आहे त्यांनी मुलांना सहाव्या वाटीत भात देऊन पाहावं. तांदूळ नको, टरफलासकट भात हवं.

या सगळ्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे वर्षातून एकदा घरोघरी मांडला जातो आणि आपण त्याला प्रयोग म्हणत नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस दादर स्टेशनच्या बाहेर चालायला वाट नसते. परड्या, पत्रावळी, काळ्या मातीच्या पिशव्या, मातीचे घट, सात किंवा नऊ धान्यांच्या पुड्या. चाळीत प्रत्येक घराची पद्धत वेगळी. कुणी साताऱ्याकडचं, कुणी कोल्हापूरचं, कुणी रत्नागिरीचं. पण गाभा सारखाच: परडीत किंवा पत्रावळीवर माती, तिच्यात गहू, ज्वारी, मका, हरभरा, मूग असं धान्य, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, वर पानं आणि नारळ. देवघराच्या कोपऱ्यात अखंड दिवा, आणि रोज एक माळ.

या मांडणीकडे शेतकऱ्याच्या नजरेने बघा. मातीचा घट पाझरतो. त्याच्या अंगातून पाणी थेंबाथेंबाने नाही, नुसत्या ओलीने सभोवतालच्या मातीत उतरतं. माती कोरडी पडली की जास्त ओढते, ओली असली की कमी. वरून हाताने शिंपडतो तेवढंच काय ते आपलं. बियाला भिजवायचं पण बुडवायचं नाही, ही जी पाच वाट्यांतली अडचण होती, ती या घटाने सोडवलेली आहे. मडकं जमिनीत पुरून झाडाभोवती पाणी द्यायची पद्धत कोरडवाहू भागात वापरतात, तिचंही तत्त्व हेच. शिवाय दिवस कोणते? पाऊस सरत आलेला, रब्बीची पेरणी तोंडावर. नऊ दिवसांत घरातलं कोणतं धान्य कसं रुजतं ते डोळ्यांसमोर येतं. श्रद्धेने घट बसवणाऱ्या बाईला ते उगवण बघायला वेगळं सांगावं लागत नाही. दाट आलं की तिचा चेहरा फुलतो, विरळ आलं की ती चुकचुकते.

माझ्या मुलीने चौथीत असताना विचारलं होतं, "गावाला गहू हिरवा असतो, मग आपल्या घटातला पिवळा का?" देवाचं म्हणून पिवळं, असं उत्तर तिला शेजारच्या काकूंनी दिलं होतं. मी तिला दोन करवंट्या दिल्या. घटाला हात लावायचा नाही, आपला वेगळा घट करायचा. दोन्हींत माती आणि गहू. एक देवघराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसरी गॅलरीच्या कठड्याशी. आठव्या-नवव्या दिवशी कोपऱ्यातला गहू वीतभर, फिकट पिवळा, हात लावला की लवणारा. कठड्याचा बुटका, जाड आणि हिरवागार. पानाचं हरितद्रव्य पुरं व्हायला उजेड लागतो. अंधारातलं रोप ते बनवत बसत नाही, सगळी शिदोरी लांब होण्यावर खर्चतं, कारण मातीखाली असताना उजेडापर्यंत पोचणं हेच एक काम असतं. पिवळा गहू आजारी नाही, तो अजून स्वतःला जमिनीखालीच समजतो आहे.

वर येण्याच्या तऱ्हाही बघण्यासारख्या असतात. गहू, ज्वारी, मका भाल्यासारखे सरळ येतात, कारण त्यांचं पहिलं पान टोकदार म्यानात बसलेलं असतं. मूग मान खाली घालून येतो. आधी वाकलेला दांडा माती फोडतो आणि मग तो सरळ होत दोन्ही डाळी टोपीसारख्या उचलून घेतो. वाल आणि चवळीही तसेच. हरभरा आणि वाटाणा मात्र आपल्या डाळी मातीतच ठेवतात आणि फक्त कोंब वर पाठवतात. एकाच परडीत या तिन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. इतकी चांगली मांडणी मी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलेली नाही.

कठड्याच्या करवंटीतला गहू बाहेर झुकलेला असतो. ती फिरवून ठेवा, संध्याकाळपर्यंत तो पुन्हा रस्त्याकडे वळू लागेल. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवरचं पुस्तक १८८० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी गव्हाच्याच जातकुळीतल्या एका गवताच्या कोंबांना कथलाच्या पातळ पत्र्याच्या टोप्या घातल्या होत्या. टोकावर टोपी असली की कोंब उजेडाकडे वळत नाही. म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वळतो मात्र खालचा भाग. टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असणार, असं त्यांनी म्हटलं. तो निरोप नेणारं द्रव्य वेगळं काढून दाखवायला १९२६ ते १९२८ पर्यंत वाट पाहावी लागली. फ्रिट्स वेंट या डच वैज्ञानिकाने ते केलं आणि त्या द्रव्याला ऑक्झिन म्हणतात. डार्विनचा प्रयोग घरी होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कोंब बोटाच्या पेराएवढे असताना आणि म्यानातून पान फुटायच्या आत, चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या तांदळाएवढ्या टोप्या करा. चार कोंबांना टोपी, चारांना तळाशी पट्टी, चार मोकळे. मग एका बाजूने भोक पाडलेलं खोकं त्यांच्यावर उपडं ठेवा. टोप्या करताना मोठ्यांची बोटं चुकतात, मुलांची चुकत नाहीत.

दसऱ्याला घटातले तुरे देवाला वाहतात, टोपीत खोवतात, केसांत माळतात. त्या दिवशी माझ्या मुलीने एक पिवळा आणि एक हिरवा असे दोन तुरे वेणीत घातले होते.

मुलांच्या हाताला हे काम द्यायचं, ही गोष्ट दादरमध्ये फार आधी कुणीतरी ओळखली होती. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. माँटेसरीची पद्धत त्यांनी आपल्याकडे आणली, पण तिची महागडी साधनं आणायच्या मागे त्या लागल्या नाहीत. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह काम करताना बिया, पानं, शिंपले, खडे हीच त्यांची साधनं झाली. माँटेसरीबाईंचंही म्हणणं होतं की पेरून वाट पाहिल्याने मुलाच्या अंगी धीर येतो. दोन-अडीच वर्षांचं मूल फडक्याची गाठ सोडू शकतं, पाणी शिंपडू शकतं, गणंग वेचू शकतं. त्याच्या हातून पाणी सांडेल, दाणे पलंगाखाली जातील. सांडू द्यावं.

मला याबाबतीत एक राग आहे आणि तो इथे बोलून दाखवते. एका शाळेत 'बीज अंकुरण' असा प्रकल्प दिला होता. बहुतेक मुलांच्या आयांनी रात्री बसून थर्माकोलच्या पेल्यात रोपं सजवली. एका मुलाने स्वतः दहा हरभरे लावले, त्यातले तीनच उगवले, आणि त्याने दहाही दाण्यांची रोजची नोंद ठेवली होती. त्याला सर्वांत कमी गुण मिळाले, कारण रोपं कमी होती. खरं काम त्या एकट्याने केलं होतं. उगवण मोजणं ही शेतीतली पोटापाण्याची गोष्ट आहे. १९६६ सालच्या बियाणे कायद्यानंतर प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ठरलेली आहे, गव्हाला शेकडा ८५ आणि मुगाला ७५. दर वर्षी खरिपाच्या तोंडावर आपलं कृषी खातं सोयाबीनच्या शेतकऱ्यांना घरच्या बियाण्याची चाचणी घ्यायला सांगतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवड्याच्या आत उलगडून मोजायचं. सत्तरच्या खाली उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं.

हीच चाचणी मुलांना पंचावर करू द्या. दहाच्या दहा ओळी, डब्यातले मूग. तिसऱ्या दिवशी मोजा. शेकडेवारी म्हणजे काय हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही. गेल्या वर्षीचे आणि यंदाचे मूग शेजारी लावले तर बी म्हातारं होतं म्हणजे काय, तेही कळतं. मे महिन्यात गावी गेल्यावर आजोबा पोतं उलगडत असले, तर ते काय बघताहेत हे या मुलांना माहीत असेल.

घाण होईल, त्याची तयारी ठेवा. जून ते सप्टेंबर मुंबईत हवाच इतकी ओली असते की न धुतलेल्या मोडांना बुरशी धरते. दिवसातून दोनदा दाणे खळबळून धुवायचे, पाणी पूर्ण निथळायचं, फडकं रोज वेगळं. बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वासाचे दाणे टाकायचे. मात्र मुळाभोवती दिसणारी पांढरी लव बघून लगेच टाकू नका. ती मुळाची केसं असतात. पाणी शिंपडलं की मुळाला चिकटून दिसेनाशी होतात, सुकलं की पुन्हा उभी राहतात. बुरशी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं टाकते. मुलाला भिंग देऊन विचारा, जाळं आहे की लव.

खायचे मोड स्वयंपाकाच्या डब्यातल्याच धान्याचे हवेत. बियाण्याच्या दुकानातल्या गुलाबी किंवा निळ्या दाण्यांना औषध चोळलेलं असतं. आणि उसळ शिजवूनच खावी. २०११ मध्ये जर्मनीत कच्च्या मोडांमधून जंतुसंसर्ग पसरला, पन्नासहून जास्त माणसं दगावली, आणि शोध घेत गेल्यावर बोट मेथीच्या बियांकडे गेलं. दाण्यावर जंतू असले तर मोडांची ती ऊब आणि ओल त्यांनाही मानवते. मोडांचा गुण मात्र खरा आहे. कोरड्या कडधान्यात नसल्यासारखं असणारं क जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं. पहिल्या महायुद्धात सर्बियन सैनिकांच्या स्कर्व्हीवर मोड आलेले घेवड्याचे दाणे देऊन उपचार झाले आणि १९१८ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. आपल्या आज्या नाचणीला मोड आणून, वाळवून तान्ह्या बाळाला सत्त्व देत आल्या. मोड येताना पिष्टाची साखर व्हायला लागते, म्हणून सत्त्वाची पेज पातळ राहते आणि बाळाला जास्त जाते. मुलांना कोरडी नाचणी आणि मोडाची वाळवलेली नाचणी वेगवेगळी चघळायला द्या. गोड कोणती, ते त्यांनाच सांगू दे.

माती लागत नाही याची सर्वांत उंच साक्ष परळ-लालबागेत डोक्यावर असते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी थंडावली, आणि धूर थांबलेल्या चिमण्यांवर पिंपळ उगवले. साळुंक्या, बुलबुल पिंपळाची फळं खातात, खसखशीएवढ्या बिया त्यांच्या विष्ठेतून विटांच्या फटीत पडतात, पावसाची ओल मिळते. तेवढ्यावर रोप उभं राहतं आणि मूळ चुन्यातून वाट काढतं. चाळीच्या भिंतीतला पिंपळ काढायलाच हवा, नाहीतर भिंत जाईल. काढण्यापूर्वी मुलांना दाखवा.

मोड आलेले चार मूग उसळीतून वाचवून तळाला भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यात लावा. डबा गॅलरीत, जिथे चार-पाच तास तरी ऊन येतं तिथे. सव्वा महिन्याच्या सुमाराला पिवळी फुलं येतील. मूग स्वतःच स्वतःचं परागण करतो, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर मधमाशी आली नाही तरी अडत नाही. दोन महिने होता होता शेंगा काळ्या पडायला लागतात. त्या पडल्या की लगेच तोडायच्या, हे मी मुलीला सांगायला विसरले होते. मार्चमधल्या एका दुपारी गॅलरीत तडतड आवाज झाला. वाळलेली शेंग पीळ खाऊन उकलली होती आणि दाणे उडाले होते. तिने शेंगेच्या टरफलातल्या खाचा मोजल्या, अकरा. मग गुडघ्यांवर रांगत ती शोधायला लागली. सात कठड्यापाशी मिळाले, तीन पायपुसण्यात. अकरावा संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या चपलेत निघाला.